पापड मोडला म्हणून एवढं? (ऑटिझम, नाडी आणि आमचं घर)

राजारामपुलाजवळची
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक लवकर झोपलाय आणि पावसामुळे नदीपात्रातली ढोलाची प्रॅक्टिसपण बंद आहे म्हणून बसले एकदाची.

मुलगा ७ वर्षांचा. ऑटिझमचं निदान साडेतीनला झालं. बोलतो, पण मोजकं, आणि "काय होतंय रे तुला" ह्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, कधीच नसतं.

तर झालं असं की मागच्या महिन्यात नणंदेकडे कोथरूडला सत्यनारायण होता. माणसं पंचवीस-तीस, मिक्सर चालू, कुकरच्या शिट्ट्या, आरतीला झांजा. हा हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर अडीच तास बसून. हललासुद्धा नाही. येणारा जाणारा प्रत्येकजण मला सांगतोय किती शहाणा झालाय गं आता, आणि मीपण मूर्खासारखी खूश. मग पानं वाढली आणि ह्याच्या पानात पापड पडला तो मोडलेला. झालं. चाळीस मिनिटं. पान उधळलं, डोकं भिंतीवर, मला चावला, नणंदेच्या जावेच्या साडीवर कढी. सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, पापडासाठी एवढं?

ह्यांचं जुनं फिटनेस घड्याळ त्याच्या हातात होतं, त्याला मागचा हिरवा लाइट आवडतो म्हणून घालतो तो, कोपराच्या खाली घट्ट. रात्री सहज अ‍ॅप उघडलं. तो जे अडीच तास "शहाणा" बसला होता त्यात नाडी १२५ ते १३०. बसून! घरी ब्लॉक्स खेळताना बसलेला असतो तेव्हा ९२-९५ असते, त्या रात्री झोपेत ७८ होती. म्हणजे पोरगं अडीच तास पळत होतं आणि आम्हाला खुर्चीवर बसलेलं दिसत होतं.

तेव्हापासून मी त्याच्या वागण्याआधी त्याचं शरीर बघायला लागलेय. कान लाल होतात (आधी डावा, का कोण जाणे), बोटं गार पडतात, डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्या होतात, पाणी पित नाही, शू लागली तरी सांगत नाही. हे सगळं स्फोटाच्या तास-दीड तास आधी. शाळेत स्वायत्त चेतासंस्था (नाडी, घाम, पचन आपोआप चालवते ती) पाठ केली होती मार्कांसाठी, ती अशी भेटेल वाटलं नव्हतं.

एका डॉक्टरांना ग्राफ दाखवला तर म्हणाले घड्याळं कसली बघता, शिस्त लावा. त्यावर काय बोलणार. तर इथे विचारते, कुणी असं बघितलंय का? आणि मी घड्याळाचं फारच मनावर घेतेय का, तेही सांगा.

अर्धा_चहा
अगं आमच्याकडे बिस्किट. अख्खं पाहिजे, मोडलेलं दिसलं की संपलं. दहा वर्षं आम्ही बिस्किटाला दोष देतोय. उद्यापासून कान बघते.

कट्ट्यावरचा_डॉक्टर
ताई, शिस्तवाल्या व्यवसायबंधूंच्या वतीने आधी सॉरी. मी बालरोगवाला आहे, ऑटिझमचा स्पेशालिस्ट नाही, पण ओपीडीत ही मुलं रोज असतात म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

हृदयाला स्वतःचा पेसमेकर असतो. त्याला एकट्याला सोडलं तर मोठ्या माणसात तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. आपली बसल्याजागी ७० असते ती व्हेगस नावाची नस ब्रेकवर पाय ठेवून असते म्हणून. ही मेंदूच्या बुडातून निघते आणि हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी सगळीकडे फिरून येते. ताण आला की लोकांना वाटतं अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, तो दाबला जातोच, पण त्याला काही सेकंद लागतात. त्याआधी ब्रेकवरचा पाय उचलला जातो, ते एखाद-दुसऱ्या ठोक्यात होतं. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच स्वारगेटला मागचा हॉर्न वाजतो तसं.

आता गंमत. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना कमी होते. लहान मुलात हे चांगलंच कळतं, झोपलेल्या पोराच्या मनगटावर बोट ठेवून बघा. ही खालीवर जेवढी जास्त तेवढा ब्रेक चांगला लागतोय असं ढोबळ समजतात, ह्यालाच घड्याळवाले एचआरव्ही, म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणून विकतात (त्यांचं गणित थोडं वेगळं असतं पण मुद्दा तोच). ऑटिझम असलेल्या मुलांच्या बऱ्याच अभ्यासांत ही खालीवर सरासरीने कमी आणि बसल्याजागची नाडी सरासरीने थोडी जास्त सापडलीय. "सरासरीने" हा शब्द दोनदा वाचा. दोन्ही गटांतली मुलं एकमेकांत एवढी मिसळलेली असतात की नाडी बघून कुणाला ऑटिझम आहे हे सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर तिथून उठा. त्वचेच्या घामाच्या मोजमापात तर काही मुलं सतत चढलेली, काही उलट एकदम थंड, आणि बरीचशी चारचौघांसारखी.

तुमच्या आकड्यांबद्दल: ७ वर्षाच्या मुलाला बसून ९२ नॉर्मल, झोपेत ७८ नॉर्मल. १२८ बसून अडीच तास म्हणजे शरीर कामाला लागलंय एवढं नक्की. पण का, ते नाडी सांगत नाही. भीतीने वाढते तशी आनंदानेही वाढते. ताप, अ‍ॅनिमिया, थायरॉइड, उकाडा, कमी पाणी, एडीएचडीचं (अतिचंचलतेचं) औषध मिथाइलफेनिडेट, चिडचिडीसाठी देतात ते रिस्पेरिडोन, ह्या सगळ्यांनी वाढते. झोपेतही सतत जास्त राहत असेल, चक्कर येऊन पडत असेल तर मात्र फोरमवर विचारू नका, ईसीजी काढा.

घड्याळाचा हिरवा लाइट हात हलला, पट्टा सैल झाला की वाट्टेल ते सांगतो. नाडीचा कल बघायला ठीक. त्याचा एचआरव्ही आणि "स्ट्रेस स्कोर" विसरा.

आणि लाल कान, गार बोटं हे तुमचं निरीक्षण माझ्या मते घड्याळापेक्षा भारी आहे.

हिंजवडी_फेज_३
मस्त धागा. मी वेअरेबल्समध्येच काम करतो म्हणून सांगतो, ह्यावर खरंच संशोधन झालंय. २०१९ मध्ये अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या २० ऑटिस्टिक मुलांना मनगटावर सेन्सर लावून नाडी, घाम, हालचाल मोजली आणि आक्रमक प्रसंग एक मिनिट आधी ओळखता येतो का बघितलं, बऱ्यापैकी आला. एक मिनिट कमी वाटतं पण तेवढ्यात आई बाजूची काचेची बाटली उचलू शकते. अ‍ॅप करायचं का? नाडी ठराविक आकड्यावर गेली की आईच्या फोनवर अलर्ट. वीकेंडला बसून प्रोटोटाइप होईल.

खिडकीतली_सीट
ह्या धाग्यावर एक आवाज राहिला म्हणून लिहितो. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय ३४, निदान २९ ला झालं, डेक्कनला ऑफिस आहे.

फेज ३ साहेब, तुमचा हेतू चांगला आहे पण मी लहान असताना माझी नाडी आईच्या फोनवर वाजली असती तर मला तेच आठवून अजून वाढली असती. मुलगा थोडा मोठा झाला की त्याला विचारा. आत्ताही विचारता येतं, घड्याळ काढून ठेवतो का बघा, तेच उत्तर.

आता आतून कसं असतं ते. मला भूक लागलेली कळत नाही, डोकं दुखायला लागलं की मी घड्याळात बघतो, तीन वाजलेले असतात, तेव्हा कळतं जेवलो नाही. शू तर थेट शेवटच्या मिनिटाला. ह्याला इंटरोसेप्शन म्हणतात, शरीराच्या आतल्या खबरा, त्या माझ्याकडे उशिरा येतात नाहीतर सगळ्या एकदम. त्यामुळे "काय होतंय तुला" ह्याचं उत्तर मी लपवत नव्हतो हो, ते माझ्यापर्यंतच पोचलेलं नसायचं. आई विचारायची पोटात दुखतंय का, मी हो म्हणायचो. गुडघा दुखतोय का, त्यालाही हो.

आणि ते खुर्चीवर शांत बसणं. शांत नसतं ते. मी तेव्हा पंखा मोजायचो. पात्यांची फेरी. पापड म्हणजे पंखा बंद पडणं.

अजून एक. १९४३ मध्ये लिओ कॅनर ह्या बालमानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमच्या ११ मुलांवर जो पहिला पेपर लिहिला त्यातच मोठ्या आवाजांची, लिफ्टची, व्हॅक्युम क्लीनरची भीती आहे, खाण्याच्या तक्रारी आहेत. आणि संवेदनांचा हा मुद्दा निदानाच्या निकषांत अधिकृतपणे आला तो २०१३ ला, डीएसएम-५ मध्ये (मानसिक निदानांचं अमेरिकन पुस्तक). मधली ७० वर्षं आम्ही हट्टी होतो.

राजारामपुलाजवळची
"पापड म्हणजे पंखा बंद पडणं" हे मी फ्रीजवर लिहून लावलंय.

वानवडीचा_बाबा
विषय थोडा घाण आहे, जेवत असाल तर नंतर वाचा.

मुलगी ५ ची, बोलत नाही. रोज दुपारी चार-साडेचारला येरझाऱ्या, किंचाळणं, सोफ्याच्या हातावर पोट टेकवून पडून राहायची. आम्ही काय काय नाही केलं, थेरपी बदलली, शाळा बदलली, बायकोने नोकरी सोडली. एका सेंटरने तर तो चार्टच करून दिला, किंचाळली की स्टार कट. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी पोटाला हात लावला फक्त, आणि म्हणाले अहो ही गच्च भरलीये. एक्स-रे काढला तर खरंच. आम्हाला वाटायचं हिला जुलाब होतात, कारण चड्डीला लागायचं. ते जुलाब नव्हते, अडकलेल्याच्या बाजूने पातळ गळत होतं.

पॉलिएथिलीन ग्लायकॉलची (शी मऊ करणारी) पावडर पाण्यातून, आधी भरपूर मग रोज थोडी. तीन आठवड्यात चार वाजताची किंचाळी गेली. सगळं गेलं असं नाही म्हणत, ऑटिझम जिथे आहे तिथे आहे. पण वर्षभर पोरीचं पोट दुखत होतं आणि आम्ही तिचे स्टार कापत होतो.

कट्ट्यावरचा_डॉक्टर
वानवडीचे बाबा, हे खूप महत्त्वाचं लिहिलंत. ऑटिस्टिक मुलांमध्ये बद्धकोष्ठ इतर मुलांपेक्षा जास्त दिसतं. कारणं मिसळलेली, एक तर खाणं ठराविक, पांढरा भात आणि बिस्किट, दुसरं संडासची भीती, फ्लशचा आवाज, तिसरं लागल्याची खबरच वेळेवर न येणं. आणि चौथं म्हणजे आतडं चालवण्यात ह्याच ब्रेकवाल्या यंत्रणेचा मोठा हात. शरीर पळायच्या तयारीत असेल तेव्हा पचन थांबवून ठेवतं, परीक्षेच्या दिवशी आपल्याला घास उतरत नाही तसं. मग पोट दुखतं म्हणून ताण, ताणामुळे पोट अजून थांबतं. ती पावडर मात्र स्वतःच्या मनाने लवकर बंद करू नका, बहुतेक घरी तिथेच चुकतं. ताणलेलं आतडं मूळ जागी यायला महिने लागतात.

निरोगी_नाडी
नमस्कार पालकहो, आमच्याकडे व्हेगस अ‍ॅक्टिव्हेशनचे इम्पोर्टेड यंत्र असून कानाला रोज २० मिनिटे लावल्यास ३ महिन्यात आय कॉन्टॅक्ट व स्पीच १००% सुधारणा. मर्यादित स्लॉट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सदाशिवपेठी_आजी
१००% सुधारणा झाल्यावर यंत्र परत घेता का? नाही म्हणजे, मग लागणार नाही ना आम्हाला.

कट्ट्यावरचा_डॉक्टर
आजी :) दंडवत.

व्हेगसला विजेचे झटके देणारं यंत्र खरंच असतं, छातीत बसवतात ऑपरेशन करून, अमेरिकेत १९९७ पासून फिट्सच्या आजारासाठी मान्य आहे. कानाला लावायच्या यंत्राचं ऑटिझममध्ये अजून संशोधनच चालू आहे, उपचार म्हणून कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. स्टेमसेलचंही तेच, ऑटिझमसाठी ते करू नये असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सांगितलंय तरी जाहिराती येतातच.

आणि आता वर्कशॉपमध्ये जी पॉलिव्हेगल थिअरी ऐकू येते (मुलाचं शांत असणं, पळणं, गोठणं हे व्हेगसच्या वेगवेगळ्या अवस्थांवरून समजावणारी), ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस ह्यांनी १९९४ मध्ये मांडली. पालकांना समजायला ती सोपी पडते हे खरं, पण तिच्यातल्या शरीरशास्त्राच्या बऱ्याच भागावर इतर शास्त्रज्ञांचे जोरदार आक्षेप आहेत. म्हणून "तुमचं मूल अमुक व्हेगल स्टेटमध्ये आहे" असं कुणी ठामपणे म्हणालं की मी चहा मागवतो.

सदाशिवपेठी_आजी
मी ७४. नातू ९ वर्षांचा, तसाच. दिवसभर गुणगुणतो, एकच सूर, म्मम्मम्म करत. थेरपीवाल्या मुलीने सांगितलं थांबवा, लोक बघतात. मी सकाळी टीव्हीसमोर बसून भ्रामरी करते. परवा सून म्हणाली आई तुम्ही दोघं एकच करताय की. तर मला आता असं विचारायचंय की मी केलं की योग आणि त्याने केलं की लक्षण, हे कसं काय?

खिडकीतली_सीट
आजी तुम्हाला कुठे भेटता येईल :)

पाटीवरची_अक्षरं
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजींचा टोला आमच्या जातीला लागलाय आणि बरोबर लागलाय. गुणगुणताना श्वास लांब सुटतो, आणि वर डॉक्टरांनी लिहिलंय तसं श्वास सोडताना नाडी उतरते. नातू त्याचसाठी करतो असा दावा मी नाही करणार, त्याला तो सूर नुसता आवडतही असेल. पण थांबवायचं कारण मला दिसत नाही. वर्गात फार मोठ्याने होत असेल तर जागा बदला, सूर नको.

राजारामपूल ताई, दोन गोष्टी. ऐन स्फोटात "दीर्घ श्वास घे बाळा" ह्याचा शून्य उपयोग, तेव्हा बोलणं हाच एक जास्तीचा आवाज असतो. लांब श्वास सोडायचे खेळ एरवी, बरा असताना, साबणाचे फुगे, पिपाणी, गरम दुधावर फुंकर. आणि कान लाल दिसले की त्याच क्षणी मागण्या कमी करा, प्रश्न विचारू नका, पाणी समोर ठेवा (पी म्हणू नका, ठेवा), बाथरूमकडे न्या, खोलीत अंधार. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना अंगावर वजन आवडतं.

वानवडीचा_बाबा
ती वजनाची ब्लँकेट्स घ्यावीत का? ऑनलाइन सहा-सात हजार सांगतायत.

पाटीवरची_अक्षरं
झोपेसाठी म्हणून घेऊ नका. २०१४ मध्ये ऑटिस्टिक मुलांवर नीट चाचणी झाली होती, साध्या ब्लँकेटच्या तुलनेत झोप काही वाढली नाही. मुलांना आणि पालकांना आवडलं मात्र. आवडण्यासाठी सात हजार द्यायचे तर घरातली गोधडी बघा आधी. आणि तोंड कधीही झाकायचं नाही, मुलाला स्वतःहून बाजूला सारता आलंच पाहिजे.

अर्धा_चहा
औषधांचं काय? आम्हाला क्लोनिडिन सुचवलंय, भीती वाटते.

कट्ट्यावरचा_डॉक्टर
क्लोनिडिन मेंदूतून जाणारा सिम्पथेटिकचा (वर लिहिलेल्या ताणाच्या यंत्रणेचा) जोर कमी करतं, मूळ ब्लडप्रेशरचं औषध. झोपेसाठी, अतिचंचलतेसाठी मुलांत वापरतात. बीपी आणि नाडी बघून देतात आणि एकदम बंद करायचं नसतं, बीपी उसळतं. बाकी तुमच्या मुलाला द्यावं की नाही हे ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारा, "कशासाठी देताय आणि काय बघून थांबवणार" हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. उत्तर नीट मिळालं तर भीती अर्धी होते.

अर्धा_चहा
लिहून घेतलं. धन्यवाद डॉक.

हिंजवडी_फेज_३
खिडकीतली_सीट, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला. अ‍ॅप रद्द. त्याऐवजी आपल्या नदीपात्रातल्या ढोल-ताशा पथकातल्या मित्राशी बोललो, मी स्वतः ताशा वाजवतो हे आधी लिहायची लाज वाटली. प्रॅक्टिसची वेळ आधी कळली तर फायदा होतो का? पाच वाजता म्हणून सात वाजता सुरू करतो आम्ही.

राजारामपुलाजवळची
फायदा होतो म्हणजे काय, अहो तेच तर पाहिजे! अचानक सुरू झालं की अख्खी संध्याकाळ जाते, आणि सातला सुरू होणार हे माहीत असलं की सव्वासहाला आम्ही जेवून वनाझच्या मेट्रोत. तिथे दरवाजाचा पीपपीप आवाज एवढा असतो पण त्याची तक्रार नाही, कारण तो कधी येणार हे त्याला पाठ आहे.

बाकी अपडेट. घड्याळ मी काढलं. परवा लक्षात आलं की तो समोर बसून मला ब्लॉकचा पूल दाखवतोय आणि मी फोनवर त्याची नाडी बघतेय, ९४. म्हटलं हे काय चाललंय माझं. आता वही आहे, तीन रकाने, कान, पाणी, संडास, संपलं. वानवडीच्या बाबांचं वाचून पोटाचं विचारलं डॉक्टरांना (दुसऱ्या), निघालंच थोडं, पावडर सुरू आहे.

गौरी जेवणाला परत नणंदेकडे गेलो. ह्या वेळी आधीच सांगून टाकलं, आतली खोली द्या, आम्ही मध्ये मध्ये येऊन बसू. वीस मिनिटं बाहेर, मग आत अंधारात गोधडी पांघरून दहा मिनिटं. तिसऱ्या फेरीला मी न्यायच्या आधी स्वतःच उठून गेला. सासूबाईंनी पापड अख्खे निवडून वेगळे डब्यात ठेवले होते, बोलल्या काही नाहीत. तरी निघताना चपलांवरून रडारड झालीच, वीस मिनिटं, पण चावला नाही कुणाला.

आता एक फार मोठा प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांचा नाही. गोधडी एकच आहे, माझ्या आईने शिवलेली, आता वास मारायला लागलीये. धुतली तर ह्या पावसात तीन दिवस वाळत नाही आणि दुसरी आणली तर हात लावत नाही तो. काय करता तुम्ही लोक?

सदाशिवपेठी_आजी
आईची जुनी पातळं आहेत का शिल्लक? त्यातलीच दोन घाला वर-खाली, आत जुनी चादर, आणि शिवली की लगेच देऊ नका. आठवडाभर पहिल्या गोधडीच्या घडीत ठेवा. वास लागला की मग बघा.

राजारामपुलाजवळची
एक नऊवारी आहे. उद्या काढते.